एक कोण म्हणणार

अहो,

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. आत्मा वगैरे आपण मानत नाही, आणि घरात कुणी तसं काही बोलायला लागलं की तुम्ही जेवता जेवता त्याला कसं गप्प करायचात, तेही मला आठवतंय. तरी लिहिते आहे. उभं आयुष्य महापालिकेच्या शाळेत मुलांकडून ‘मित्रास पत्र’ लिहून घेतलं, ती पत्रं तरी कुठे कुणाला पोचली होती?

लिहायचं कारण असं, की गेल्या आठवड्यात आम्ही केळशीला जाऊन आलो. जो भेटतो तो विचारतो, “काय मॅडम, कशी झाली सहल?” मी म्हणते, छान झाली. समुद्र छान होता, आंबे छान होते, घाटातून येताना हवाही छान होती. हे सगळं खरंच आहे. उरलेलं ज्याला सांगावं असं एकच माणूस होतं आणि ते ऐकायला नाही, म्हणून हा कागद.

मी आत्ता येरवड्याच्या आपल्या घरात बसले आहे. प्रज्ञाला सांगून आले, मिक्सरचं भांडं आणायचंय. पुढच्या आठवड्यात इथे भाडेकरू येणार आहेत, नवरा-बायको दोघंही आयटीतले, अमोलने ठरवलेत. तुमची आरामखुर्ची तो धायरीला घेऊन गेला. भिंतीवर जिथे ती घासायची तिथे रंग उडालाय, तो आता जास्तच दिसतो. मी जेवणाच्या टेबलाशी, माझ्या जागेवर बसले आहे. तुमची खुर्ची समोर आहे. धूळ पुसली आधी.

तुम्ही गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवाच्या खुर्च्या गोळा व्हायच्या आतच पोरांचं सुरू झालं, की आईचं काय करायचं. अमोल म्हणाला, आई धायरीला येईल. प्रज्ञा म्हणाली, आई खराडीला येईल. दोघांनाही मी हवी होते, हे मी मान्य करते. एकाने जरी नको म्हटलं असतं, तर प्रश्न लवकर सुटला असता. बरंच बोलणं झालं, आवाज चढले, तुमच्या फोटोसमोर चढले. शेवटी ठरलं ते असं, की एक महिना इकडे आणि एक महिना तिकडे. मला कुणी विचारलं नाही असं नाही. विचारलं. पण ठरल्यावर विचारलं.

तेव्हापासून बहीण-भाऊ एकमेकांशी कामापुरतं बोलतात, आणि कामही माझ्यामार्फत काढतात. अमोलला वाटतं, प्रज्ञाकडे मी दिवसभर एकटी कोंडून पडते. प्रज्ञाला वाटतं, अमोलकडे माझ्या पथ्याचे तीनतेरा वाजतात. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. दोघंही ते मला सांगतात आणि मी पोटात ठेवते. माझी पिशवी कायम अर्धी भरलेली असते. काय कुठल्या घरी राहिलंय, हे आता मलाच आठवेनासं झालंय.

केळशीचं खूळ मैत्रीचं. प्रज्ञाची लेक मैत्री, आपल्या घराचं शेंडेफळ. उन्हाळ्याची सुट्टी लागल्याबरोबर म्हणाली, “आजी, आजोबा नाहीत म्हणजे यंदा समुद्र पण नाही का?” एवढ्या एका वाक्याने दोन्ही घरांना लाज वाटली असावी. अमोलने तारखा काढल्या, त्या महिनाअखेरच्या. मी तेव्हा त्याच्याकडे होते. म्हणाला, येताना खेड शिवापूरला दोन्ही गाड्या थांबतील, तिथेच तू प्रज्ञाच्या गाडीत बस, म्हणजे तुला सोडायला वेगळी फेरी नको. “सोयीचं पडेल,” म्हणाला. तुमचाच मुलगा आहे, पण ही सोय तो कुठे शिकला, कोण जाणे.

तुमच्या वेळी असं नव्हतं. आपली ती जुनी पांढरी गाडी, एसी नाही, खिडकीला ओले टॉवेल, मागे पोरं आणि पोरांच्या मध्ये आंब्याची पेटी. सगळं पुणं ताम्हिणीतून कोकणात उतरायचं आणि ताम्हिणीतूनच वर चढायचं. तुम्ही मात्र येताना कायम महाडवरून, वरंध घाटाने. रस्ता वाईट, वळणं वाईट, अमोलला हमखास ओकारी. मी दर वर्षी म्हणायचे, हा काय हट्ट? तुम्ही म्हणायचात, महाडला पाण्याला हात लावल्याशिवाय घरी जायचं नाही.

आणि गाडी सुरू करण्याआधी तुमचं ते मोजणं! कुठेही थांबलो, चहाला, पंक्चरला, समुद्रावरून निघताना, तुम्ही चावी फिरवायच्या आधी आरशात न बघता मोठ्याने म्हणायचात, “एक!” मग मी दोन, अमोल तीन, प्रज्ञा चार. पुढे सूनबाई आल्या, शीतलला तुम्ही पाच दिला. जावयाला सहा. जावई पहिल्या वेळी इतके लाजले, की त्यांचा सहा आपल्याला ऐकूच आला नाही, आणि तुम्ही गाडी सुरू केली नाहीत. मैत्री जन्मली तेव्हा दवाखान्यात तिला हातात घेऊन तुम्ही पहिलं काय म्हणालात, तर “या, सात नंबर.” नाव नंतर ठेवलं.

लोकांना ही गंमत वाटायची. मलाही पहिली काही वर्षं गंमतच वाटली. मग एकदा घाटात गाडी तापली होती, पोरं मागे झोपली होती, तेव्हा तुम्ही सांगितलंत. लहानपणी सासूबाई तुम्हा भावंडांना घेऊन दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या होत्या आणि त्या माणसांच्या समुद्रात तुमचा हात सुटला. हरवलेल्या मुलांची नावं जिथे पुकारतात त्या मांडवात तुम्ही संध्याकाळपर्यंत बसून होतात. सासूबाई आल्या, तुम्हाला आधी एक ठेवून दिली, मग छातीशी धरलं, आणि तिथेच उभ्या उभ्या सगळ्या भावंडांना आकडे दिले. तुम्ही थोरले म्हणून तुम्ही एक.

तेव्हा तुम्ही एक गोष्ट बोललात, ती नंतर पुन्हा कधी बोलला नाहीत. म्हणालात, हरवल्याचं भय नव्हतं वाटलं. आपण नाही आहोत हे कुणाच्या लक्षात आलंय की नाही, त्याचं वाटत होतं.

मग आता ऐका.

केळशीला आम्ही तुमच्याच त्या घरगुती खोल्यांत उतरलो. मालकीणबाईंनी विचारलं, “साहेब नाही आले?” अमोल पटकन आत गेला. मी सांगितलं. त्यांनी जेवणात मला जास्तीची सोलकढी वाढली. समुद्रावर मैत्री एकटीच खेळली, कारण तिचे आईबाप एका छत्रीखाली आणि मामा-मामी दुसऱ्या. मी दोन्ही छत्र्यांच्या मध्ये चटई टाकली. तुम्ही घोट्याच्या वर कधी पाण्यात शिरला नाहीत, मला मात्र “जा की मॅडम, जा” करत ढकलायचात. यंदा मी पायही ओले केले नाहीत.

निघायच्या दिवशी सामान चढलं, दारं लागली, आणि मागच्या सीटवरून मैत्री सवयीने ओरडली, “सात!” सात म्हणायच्या आधी सहा यावा लागतो, सहाच्या आधी पाच, आणि सगळ्याच्या आधी तुम्ही. प्रज्ञाने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. जावई म्हणाले, “चला, ऊन वाढतंय.” गाडी निघाली.

मी तेव्हा प्रज्ञाच्या गाडीत होते. कारण मी आपलं मनाशी ठरवून टाकलं होतं, की दर थांब्याला गाडी बदलायची. मंडणगडपर्यंत हिच्याकडे, पुढे महाडपर्यंत त्याच्याकडे, मग परत हिच्याकडे. कुणी सांगितलं नव्हतं, पण मी गाडी बदलली की दोघांचे चेहरे बघून मला कळायचं, की बरोबर केलं. महिन्याची वाटणी तशी किलोमीटरची वाटणी. काय करणार? मोजायला तुम्ही नव्हतात, तर मीच स्वतःला वाटत सुटले.

महाडला गाड्या थांबल्या, पण कुणी उतरेना. भर दुपारचं ऊन होतं. शीतल म्हणाली, “आई, गाडीतूनच नमस्कार करू या ना, एसी चालू आहे.” मी म्हटलं, “हे पाणी नमस्कार करायचं नाही, हात लावायचं आहे.” तुमचंच वाक्य. चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला म्हणून आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली आणि आपण काचेतून नमस्कार करणार? मग मैत्री आणि मी उतरलो. तिच्या ओल्या हाताने तिने माझी मान पुसली, तुम्ही तिची पुसायचात तशी. मागे वळून पाहिलं तर अमोलही उतरला होता, पण गाडीजवळच उभा होता. वाटलं, येईल. फोन आला आणि तो आत जाऊन बसला.

महाडपासून मी ठरल्याप्रमाणे प्रज्ञाच्या गाडीत. घाटमाथ्यावर चहाच्या टपऱ्यांपाशी दोन्ही गाड्या थांबल्या. औषधांची पिशवी मी प्रज्ञाच्या गाडीत ठेवली होती. पर्स, आणि पर्समध्ये फोन, अमोलच्या गाडीत नेऊन ठेवली, कारण आता त्याची पाळी. भजी आली, चहा झाला. दोन्ही घरं दोन बाकांवर. मला वळणावर एक बाई करवंदं घेऊन बसलेली दिसली. तुम्ही इथे करवंदं घेतल्याशिवाय कधी पुढे गेलात? मी शीतलला म्हटलं, “आलेच.” तिने मान हलवली. तिच्या कानात ते वायरीशिवायचं काहीतरी होतं, तेव्हा मान माझ्यासाठी हलवली की आणखी कुणासाठी, माहीत नाही.

पानाचा द्रोण घेऊन परत आले, तर दोन्ही गाड्या नव्हत्या.

पहिल्यांदा वाटलं, सावलीला लावल्या असतील. पुढच्या वळणापर्यंत जाऊन आले. नाही. मग वाटलं, चेष्टा. आपल्या घरात आता चेष्टा कोण करतं, हे आठवल्यावर तेही राहिलं. मग डोकं चालायला लागलं आणि दोन्ही गाड्यांत काय झालं असेल ते मला आपलं समोर बसून पाहिल्यासारखं दिसलं. प्रज्ञा म्हणाली असेल, आई आता दादाच्या गाडीत, खेड शिवापूरला आपल्याकडे येईल. अमोल म्हणाला असेल, महाडपासून तिच्या गाडीत होती, तिथेच बसली असेल. दोघांचाही हिशेब चूक म्हणता येत नाही. एका गाडीत माझी पर्स, दुसरीत माझी पिशवी, आणि मी कुठेच नाही.

टपरीवाल्या बाईने बाक पुसून दिला.

“बसा की आजी. गाडी फुडं गेली काय?”

“येतील आत्ता.”

“कोन हाय संगं?”

“मुलगा आणि मुलगी.”

“दोघंबी?”

“दोघंही.”

“मग येत्याल की,” ती म्हणाली आणि भजी काढायला वळली.

तिच्याकडे फोन होता, पण तिथे रेंज नाही, खाली हिर्डोशीला जावं लागतं म्हणाली. आणि रेंज असती तरी काय? पोरांचे नंबर मला पाठ कुठे आहेत? नाव दाबलं की लागतो फोन. पाठ आहे तो एकच नंबर, तुमचा. तो अमोलने बंद करून टाकला.

मग मी गाड्यांच्या मागे मनाने जात राहिले. आता धरणाच्या पाण्याजवळ पोचले असतील, तिथे मैत्रीला पाणी दाखवायला कुणीतरी काच खाली करेल आणि आई बघ म्हणेल. नाही आलं कुणी. आता भोर आलं असेल, भोरच्या चौकात गाड्या मागेपुढे लागतातच, काचेतून दिसेल. नाही आलं. आता हायवे. भोरकडून एखादी गाडी आली की मी उभी राहायची, ती गेली की बसायची. सुरुवातीला ती बाई दर वेळी म्हणायची, “ही न्हवं?” नंतर तिने विचारायचं सोडलं. ते विचारणं बंद झालं तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

तुम्ही त्या मांडवात बसून काय विचार करत होतात, ते मला आता कळलं. इतकी वर्षं कळलं असं वाटत होतं, ते काही खरं नव्हतं. पडले, धडपडले, वाघ-बिबट्याने खाल्लं, असलं काही मनात आलं नाही. दोन भरलेल्या गाड्या चालल्या आहेत, आत गाणी लागली आहेत, आणि कुणालाही काही कमी वाटत नाहीये, एवढंच डोळ्यांपुढे येत राहिलं. मी या घरात अजून कुणाची कुणी आहे का, की सामानासारखी नुसती नेली-आणली जाते? हा प्रश्न तुम्ही असताना मला कधी पडला नव्हता. तुम्ही चावी फिरवायच्या आधी थांबायचात, त्यातच त्याचं उत्तर असायचं.

आठवतं? अमोल लहान असताना एकदा याच टपऱ्यांच्या मागे मुद्दाम लपून बसला होता. तुम्ही एक म्हणालात, मी दोन म्हटलं, आणि तीन आलंच नाही. तुमचा चेहरा पांढराफटक पडला. खाली दरीकडे धावलात, चप्पल पायातून गेली तरी कळलं नाही. तो हसत बाहेर आला, तर तुम्हाला त्याला मारताही येईना. नुसते जमिनीवर बसून राहिलात. त्या दिवसानंतर तो कधी लपला नाही.

आणि शेवटचं ते. ते तर मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला स्ट्रेचरवरून लिफ्टमध्ये नेत होते, आत माझ्यासाठी जागा नव्हती. तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. तुम्ही चादरीतून हात काढून एक बोट वर केलंत. वॉर्डबॉयला वाटलं, पाणी मागताय. मला कळलं. मी दोन बोटं वर केली. दार लागलं. त्यानंतर तुमच्याकडून काही आलं नाही.

त्या बाकावर बसून मला तुमचा रागही आला, खोटं कशाला सांगू? सगळ्यांना आकडे दिलेत, पण मोजणी आपल्याच हातात ठेवलीत. तुम्ही एक म्हटल्याशिवाय कुणी सुरुवात करायची नाही, हाच नियम. तुमच्यामागे कोण सुरुवात करणार, हे पोरांना एकदा तरी सांगून ठेवायचं होतंत. मला तरी सांगायचं होतंत. की तुम्हाला वाटलं, आपण कायमच चावीपाशी बसणार?

उन्हं उतरली. बाई आवराआवर करायला लागली, पण गेली नाही. मी म्हटलं, “तुम्ही निघा.” ती म्हणाली, “तुमास्नी टाकून?” आणि स्टूल घेऊन माझ्याजवळ बसली. करवंदं दोघींनी मिळून संपवली.

मग अमोलची गाडी आली. पुढे तो आणि शेजारी प्रज्ञा. अहो, ते दोघं एका गाडीत! वर्षात पहिल्यांदा. मैत्री मागच्या खिडकीतून अर्धी बाहेर. खरं सांगते, जिवात जीव आला तो मी सापडले म्हणून नव्हे, त्या दोघांना शेजारी शेजारी बघून. क्षणभर वाटलं, झालं ते बरंच झालं. याच निमित्ताने जुळलं.

प्रज्ञा धावत येऊन गळ्यात पडली, हुंदके देत होती. अमोल गाडीच्या दाराशीच उभा, चेहरा तुमच्या त्या दिवशीसारखा पांढरा. त्याने माझा हात धरला आणि सोडेचना. मी म्हटलं, “अरे, आहे मी.” बास. एवढंच झालं. नंतर गाडीच्या टपावरून त्यांचं सुरू झालं.

“खेड शिवापूरला येऊन विचारतेस, आई कुठे आहे?”

“मग कुठे विचारणार? तुझ्याच गाडीत असायला हवी होती ना ती? अजून तुझाच महिना चालू होता.”

“महाडपासून तुझ्याकडे होती.”

“भोरला मी आईला फोन केला होता, गोळी घेतली का विचारायला. मागच्या सीटवर वाजला असेल ना? उचलला का नाहीत?”

“गाडीच्या स्क्रीनवर तुझं नाव दिसलं, वाटलं माझाच फोन, म्हणून नाही उचलला,” अमोल म्हणाला. “शीतल म्हणाली, काही काम असेल तर आईंमार्फत कळवेल.”

“तो आईचाच फोन होता, दादा.”

टपरीवाली बाई तिचं सामान उचलून निघाली, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

गाडीत मी मागे, मैत्री मला चिकटून. अमोलने चावीला हात लावला तेवढ्यात ती म्हणाली, “मामा, थांब. काउंट केलं नाही म्हणून आजी राहिली ना? आता काउंट करू या.” मग तिने विचारलं, “पण आजोबा नाहीत, तर एक कोण म्हणणार?”

अमोल आरशात माझ्याकडे बघत होता. डोळे भरले होते त्याचे. म्हणाला, “आई, तू म्हण. आता तूच एक.”

“हो आई, म्हण ना,” प्रज्ञा म्हणाली.

वर्षभरात त्यांचं एकमत झालं ते यावर. मी तोंड उघडलंही. एक अक्षर म्हणायचं होतं, मग ती दोघं पुढे आपापले आकडे म्हणाली असती, मैत्रीने सात म्हटलं असतं, आणि कदाचित, कोण जाणे, पुढच्या वर्षी एकच गाडी निघाली असती. सगळं माझ्या जिभेवर होतं. पण मी एक म्हटलं, की दोन कोण? अमोल तीनच आहे, प्रज्ञा चारच. तुमच्या जागी मी सरकले, तर माझ्या जागेवर कुणीच नाही, आणि तुमची जागा होती हेही कुणाला कळायचं नाही. लिफ्टचं दार लागताना मी दोन बोटं दाखवली होती. ती खाली कशी घेऊ?

मी म्हटलं, “मी दोन आहे.”

आरशातून अमोलचे डोळे गेले. “बरं, राहू दे,” म्हणाला आणि गाडी सुरू केली. मैत्रीने माझा हात सोडला नाही, पण पुन्हा काही विचारलं नाही. खेड शिवापूरला शीतल आणि जावई दुसऱ्या गाडीपाशी उभे होते. माझी पिशवी त्या गाडीत आधीपासूनच होती. अमोलने पर्स खिडकीतून आत दिली, “सांभाळून जा,” म्हणाला, आणि ठरल्याप्रमाणे मी प्रज्ञाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी अमोलने माझ्या फोनमध्ये काहीतरी घालून दिलं. आता मी कुठे आहे ते दोघांनाही आपापल्या फोनवर एका ठिपक्यात दिसतं. फोन गळ्यात अडकवायला दोरी आणली आहे. पोरांना वाटतं, चांगला मार्ग निघाला. मला वाटतं, ‘आई तुझ्याकडे आहे का?’ एवढं एकमेकांना विचारायचं कारण उरलं होतं, तेही गेलं. मी कुणाला तसं म्हटलं नाही. म्हणून काय होणार आहे?

आत्ताच प्रज्ञाचा मेसेज आला, “सापडलं का भांडं?” म्हणजे ठिपका दिसतोय. अजून बराच वेळ तो येरवड्यातच आहे हेही दिसत असेल. निघायला हवं. हा कागद इथे ठेवता येत नाही, भाडेकरू येतील. पिशवीत घालून नेते. तुम्हाला वाचायचा असता, तर तुम्ही वाचून तारखेखाली बारीक बरोबरची खूण केली असती, ऑफिसात करायचात तशी.

पुढच्या मे महिन्यात समुद्राचं नाव कुणी काढेल असं मला वाटत नाही. काढलं तर मी जाईन. त्या आशेवर बसलेली नाही, पण जाईन.

आणि एक कबूल करते. एक मी म्हणणार नाही, कुणीही सांगितलं, मैत्रीने सांगितलं तरी नाही. धायरीची गाडी असो की खराडीची, दारं लागली की मी तुमच्यापुरती थांबेन आणि मग मनात दोन म्हणेन. पुढे तीन कुणी म्हणणार नाही, ते मला माहीत आहे. तुम्हाला ऐकू येणार नाही, तेही.

तुमची,
दोन